कुर्डुवाडी प्रोटोकॉल

"भारताचा नंबर?" ओयुनबाईंनी विचारलं, आणि गोल टेबलाभोवतीच्या तेरा देशांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

ही गोष्ट उलानबातरची, म्हणजे मंगोलियाच्या राजधानीतली. बाहेर उणे एकवीस होतं आणि आत चौथा दिवस चालू होता. चौदा आशियाई देशांनी मिळून एक मंच काढायचं ठरवलं होतं. कुणाच्या संगणकांवर हल्ला झाला, बँका बंद पडल्या, विजेची यंत्रणा कुणी परस्पर बंद केली, तर त्या देशाने बाकीच्यांना लगेच फोन करून सावध करायचं, एवढीच त्यातली कल्पना. पहिले तीन दिवस झेंडे कुठल्या क्रमाने लावायचे यात गेले होते. टेबल गोल होतं, तरी त्याची सुरुवात कुठून धरायची यावर एक उपसमिती बसली होती.

चौथ्या दिवशी शेवटचं कलम आलं. प्रत्येक देशाने एक असा फोन नंबर द्यायचा, जो कुठल्याही वेळी वाजला तरी जिवंत माणूस उचलेल. मंचाच्या सचिवालयाचं काम ओयुनबाई पाहत. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, आणि चार दिवसांत एकदाही न हसलेल्या. त्यांनी वही उघडली आणि सगळ्या देशांनी माना खाली घातल्या. संगणक-सुरक्षेची माणसं ती. स्वतःच्या बायकोला मोबाइल नंबर देताना दोनदा विचार करणारी.

मी तेव्हा दिल्लीत एका मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो. मंत्रालयाचं नाव सांगत नाही. पेन्शन चालू आहे. आमच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या संयुक्त सचिव टंडन मॅडम. त्यांनी टेबलाखालून माझ्या नडगीवर बुटाची टाच मारली, कारण समोर बसलेल्या एका थोरल्या देशाच्या प्रमुखाने खिशातून पेन काढलं होतं. या देशाचंही नाव घेत नाही. तो थोरला असं त्याचं म्हणणं, आणि आपण धाकटे नाही असं आपलं. मंचाचं कायमचं केंद्र त्यांच्याकडे जाणार की आपल्याकडे, हा खरा वाद होता. ज्याचा फोन चटकन लागेल त्याच्याकडे लहान देश धावणार, आणि ज्याच्याकडे धावणार त्याच्याकडे केंद्र जाणार.

"दे दो कुछ भी," मॅडम ओठ न हलवता म्हणाल्या.

कुछ भी म्हणजे काय देणार? आमच्या कक्षातला फोन रामअवतार नावाच्या शिपायाच्या टेबलावर असे, आणि तो वाजायला लागला की रामअवतार त्याच्यावर टॉवेल टाकत असे. चोवीस तासांचा कक्ष काढायची फाइल दोन वर्षं फिरत होती. वाजल्याबरोबर हमखास उचलला जाणारा फोन माझ्या ओळखीत साऱ्या जगात एकच होता. मी तो नंबर लिहून दिला. तो कुर्डुवाडीचा होता, आमच्या घरचा.

आमचे आबा, म्हणजे रणपिसे मास्तर, छत्तीस वर्षं रेल्वेत होते. त्यातली अठ्ठावीस लहानमोठ्या स्टेशनांवर स्टेशन मास्तर म्हणून. निवृत्तीनंतर कुर्डुवाडीतच रुळांच्या पलीकडे दोन खोल्या बांधून राहिले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. ते एकटेच असत, आणि पुढच्या खोलीत स्टुलावर फोन असे. घंटीचा पहिला ठोका पुरा व्हायच्या आत "रणपिसे" असा आवाज येई. हे मला पक्कं माहीत होतं, कारण दोन-तीन आठवड्यांतून एखाद्या रविवारी, आठवण झालीच तर, मी फोन करत असे.

दिल्लीला परत येताच मी फाइलवर टिपण लिहिलं: 'चोवीस तास कक्ष स्थापन होईपर्यंत तात्पुरती व्यवस्था म्हणून सदर क्रमांक कळविण्यात आला आहे. मान्यतेस्तव सादर.' नऊ जणांनी सह्या केल्या. सदर क्रमांक कुठला, हे नवांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. तो फिरवून पाहणं तर दूरच. माझी झोप मात्र उडाली. देशाची दक्षता माझ्या वडिलांच्या पुढच्या खोलीत स्टुलावर ठेवली आहे हे उघडकीला आलं असतं, तर नोकरी गेलीच असती, आणि तीही कुठल्या नियमाखाली घालवायची याच्यासाठी नवा नियम करून.

आबांना फोनवर सगळं समजावून सांगितलं. त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

"ड्युटी किती वाजता?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वेळ अशी नाही, पण रोज साडेअकराला मंगोलियातून तपासणीचा फोन येईल. त्या बाई महिन्याचा सांकेतिक शब्द विचारतील, तो सांगायचा.

"म्हैनाभर एकच शब्द? ही काय शिस्त हाय?" ते म्हणाले. "आन् पलीकडं खरंच बाई हाय का दुसरंच कोण, ते कसं कळायचं?"

"आवाजावरून, आबा."

"आवाज कुणाचाबी काढता येतो."

हे कळायला रेल्वेतली एक पद्धत माहीत पाहिजे. फाटक बंद केलं हे फाटकवाला स्टेशन मास्तरला नुसतं तोंडाने सांगत नाही. सोबत एक आकडा देतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. हे दोन आकडी नंबर उलटसुलट छापलेल्या तक्त्यावर असतात. एक वापरला की त्याच्यावर काट मारायची. मास्तर तो नंबर वेळेसह वहीत लिहितो आणि मगच सिग्नल देतो. नंबर नाही तर गाडी नाही, मग पलीकडे प्रत्यक्ष सख्खा भाऊ का असेना.

आबांनी कोरे कागद आणि कार्बन घेतला आणि स्वतःच्या मनाने आकडे टाकून कित्येक पानांचा तक्ता तयार केला. रेल्वेत एवढं करत नाहीत. पण परदेशाचं काम म्हणून त्यांनी एक पायरी वाढवली. वरची प्रत स्वतःकडे ठेवली आणि कार्बनची प्रत रजिस्टर पोस्टाने ओयुनबाईंना पाठवली. कुर्डुवाडीच्या पोस्टात मंगोलियाचा दर शोधायला तीन दिवस लागले. सोबत पत्र होतं, रेल्वेच्या इंग्रजीत: तुम्ही फोन कराल तेव्हा या तक्त्यातला पुढचा आकडा सांगा, मी त्याच्या पुढचा सांगेन, दोघंही काट मारू. तक्ता संपेपर्यंत लाइन बंद करता येणार नाही.

मला हे कळलं तेव्हा तोंडचं पाणी पळालं. आता सचिवालयातून खुलासा मागणारं पत्र येणार, असं धरूनच चाललो होतो. पण पत्र आलं नाही. महिना संपला आणि मंचाचा पहिला तक्ता आला, कुठल्या देशाने किती वेळात फोन उचलला याचा. थोरल्या देशाला सरासरी सहा सेकंद लागले होते. दोन देशांनी उचललाच नव्हता. भारत: दीड सेकंद. टंडन मॅडमनी तो कागद काचेखाली ठेवला.

असे आठ महिने गेले. रोज साडेअकराला, म्हणजे मंगोलियात दुपारी दोनला, ओयुनबाई फोन करत. आकडा देत, आकडा घेत. आबांची इंग्रजी शंभर शब्दांची होती आणि त्यातले साठ सिग्नलविषयी होते, तरी दोघांचं कधी अडलं नाही. आबांच्या वहीत शेरा म्हणून एक रकाना होता. तिथे आबा तिकडचं तपमान लिहीत, ओयुनबाईंच्या मुलाची परीक्षा लिहीत, कधी 'आवाज बसलेला, सुंठ घेण्यास सांगितले' असंही. माझ्याशी मात्र ड्युटीचंच बोलत. एका बेटावरच्या देशाच्या वीजयंत्रणेवर हल्ला झाला त्या दिवशी चौथ्या मिनिटाला माझा मोबाइल वाजला. आबांनी संदेश, वेळ, नंबर, दोनदा वाचून दाखवलं. मी विचारलं, आबा, तब्येत कशी आहे? तर म्हणाले, लाइन मोकळी सोड.

आमची माणसं त्या बेटावर सगळ्यांच्या आधी पोचली. बेटाच्या पंतप्रधानांनी भाषणात आभार मानले. मग लहान देश आपल्याकडे वळू लागले. थोरल्या देशाने घाईघाईने नवीन केंद्र बांधायला घेतलं, त्याचे फोटो पाठवले. एकेका देशाचे राजदूत मॅडमना जेवायला बोलावू लागले, आणि मी रोज सकाळी साडेअकरा वाजून पाच मिनिटांनी सुटकेचा श्वास टाकू लागलो.

मग दिल्लीची परिषद आली. केंद्र कुणाकडे, याचा निर्णय तिथे व्हायचा होता. मोठा हॉल, चौदा झेंडे (टेबल यावेळी लांबट होतं, त्यामुळे दोनच दिवस गेले), आणि व्यासपीठावर ओयुनबाई. त्यांनी सांगितलं की निर्णयाआधी सगळ्यांसमोर एक तपासणी होईल. प्रत्येक देशाचा नंबर इथूनच लावला जाईल, आवाज सभागृहात ऐकू येईल. फोन लागला की त्या देशाच्या प्रमुखांनी आपल्या माणसाकडून या महिन्याचा सांकेतिक शब्द विचारून घ्यावा, म्हणजे तो वहीशी ताडून पाहता येईल.

मॅडमनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी घामाने भिजलो होतो. त्या हॉलमध्ये आबांचा आवाज ऐकू येणार, मागे भाजीवाल्याची आरोळी येणार, मालगाडी जाणार, आणि माझी बावीस वर्षांची नोकरी तिच्यामागून जाणार.

थोरल्या देशापासून सुरुवात झाली. दोन घंट्यांत फोन उचलला गेला. प्रमुखाने आपलं नाव आणि हुद्दा सांगितला, तर पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माणूस उभा राहिला असावा. त्याने लगेच शब्द सांगितला. टाळ्या झाल्या. मग दुसरा देश, तिसरा. सगळीकडे तेच. साहेबांचा आवाज, खुर्ची सरकते, शब्द येतो. एका देशात तर माणसाने शब्द सांगून वर खात्याच्या कपाटाची किल्ली कुठे आहे तेही सांगितलं. प्रत्येक प्रमुख आपल्या जागी ताठ होऊन बसत होता. आपल्या माणसांना आपला किती धाक आहे हे चारचौघांत दिसलं होतं.

शेवटी भारत. घंटी पुरी वाजलीही नाही.

"रणपिसे."

ओयुनबाईंनी काही म्हणायच्या आत मॅडमनी माइक ओढला. हिंदीतून, झोकात म्हणाल्या, मी संयुक्त सचिव टंडन बोलतेय, या महिन्याचा शब्द सांगा.

"प्रायव्हेट नंबर?" आबा म्हणाले.

"काय?"

"मॅडम, नंबर बोलिए."

"अहो, मी संयुक्त सचिव बोलतेय. तुमची वरिष्ठ."

"असतील. नंबर नाही तर काही नाही." मागून खरंच मालगाडी जायला लागली होती आणि आबांनी तिच्यावरून आवाज चढवला. "चौऱ्याहत्तर साली जनरल मॅनेजर साहेब मोटारीत बसून हॉर्न मारत होते, तरी मी फाटक उघडू दिलं नाही. तुम्ही तर दिसतसुद्धा नाही."

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी आबांना निलंबित करायची धमकी दिली. आबांनी विचारलं, कुठून? आणि लाइन अडते म्हणून फोन ठेवून दिला.

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. थोरल्या देशाचा प्रमुख हसू दाबत होता. मॅडम माझ्याकडे वळून पुटपुटल्या, "ये आदमी बैठा कहाँ है?" आणि आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही असं वाटून मी खरं ते सांगितलं: "कुर्डुवाडी."

तेवढ्यात व्यासपीठावर ओयुनबाई उभ्या राहिल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की कलम नऊप्रमाणे सांकेतिक शब्द सचिवालयाखेरीज कुणालाही सांगायचा नाही. स्वतःच्या प्रमुखालाही नाही, कारण प्रमुखाचा आवाज काढणं ही हल्लेखोरांची सगळ्यात जुनी युक्ती आहे. आजची तपासणी तीच होती. तेरा देशांनी शंभर माणसांसमोर आपला शब्द सांगून टाकला होता. एका देशाने नाही.

मग त्यांनी पिशवीतून कार्बनची प्रत काढली आणि उंच धरली. ही भारताची पद्धत, त्या म्हणाल्या. यातला आकडा एकदाच वापरता येतो. हा जगातल्या कुठल्याही संगणकात नाही. प्रती दोनच, एक माझ्याकडे आणि एक त्यांच्याकडे. हे कुणालाही फोडता येणार नाही. एवढं बोलून त्या हसल्या. चौदा देशांनी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

थोरल्या देशाच्या प्रमुखाचं हसू मावळलं. त्याने वही उघडून अदबीने विचारलं, या पद्धतीला आपण काय म्हणता?

टंडन मॅडम उगाच संयुक्त सचिव झाल्या नव्हत्या. एक पापणीसुद्धा न लवता त्या म्हणाल्या, "कुर्डुवाडी प्रोटोकॉल."

तेरा देशांनी ते लिहून घेतलं. दोघांनी स्पेलिंग विचारलं. पुढचे दोन दिवस, हा प्रोटोकॉल ठरावात कुणाच्या पुढाकाराने आला असं लिहायचं, यावर गेले. केंद्र आपल्याकडे आलं. थोरल्या देशाने शेवटच्या मसुद्यात एक दुरुस्ती सुचवली, की कार्बन चांगल्या प्रतीचा असावा. ती एकमताने मंजूर झाली.

परिषद संपल्यावर मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. वडील, घर, स्टूल. मग त्यांनी एकच विचारलं, फाइल आहे का? मी फाइल पुढे केली. तात्पुरती व्यवस्था, मान्यतेस्तव सादर, नऊ सह्या. सातवी त्यांचीच होती. त्यांनी ती बोटाने चाचपून पाहिली आणि फाइल मिटली.

"रणपिसेजी," त्या म्हणाल्या, "आपण फार दूरदृष्टीने काम केलं आहे."

जवळजवळ तीन वर्षं भिजत पडलेलं घोंगडं मग दोन महिन्यांत वाळलं. चोवीस तासांचा कक्ष झाला. बत्तीस माणसं, भिंतभर पडदे, फोन कुठल्याही टॉवेलपासून दूर. मी कुर्डुवाडीला गेलो, आबांकडून काम काढून घ्यायला. मला वाटलं होतं, सुटलो म्हणतील. ते म्हणाले, चार्ज घ्यायला कोण आलंय? मी म्हटलं, मीच. त्यांनी कागदावर 'चार्ज दिला' लिहून सही केली, मला 'चार्ज घेतला' लिहायला लावलं, घड्याळ पाहून वेळ टाकली. मग फोनकडे बघत विचारलं, "मग आता वाजणार न्हाई?"

"मी करत जाईन की, आबा."

त्यांनी वही मिटून स्टुलाखाली ठेवली. मला दुपारची गाडी गाठायची होती.

त्यानंतर तीन महिन्यांनी, एका मंगळवारी, बारा वाजता मी नव्या कक्षात पडद्यांसमोर उभा होतो. कसलं तरी शिष्टमंडळ आलं होतं आणि मी त्यांना आपली सज्जता समजावून देत होतो. माझा मोबाइल वाजला. परदेशचा नंबर.

"सत्तेचाळीस," ओयुनबाई म्हणाल्या. आणि मग, "कुर्डुवाडी उचलत नाही."

मी म्हटलं, मॅडम, ती लाइन बंद झाली. चार्ज दिला आपण.

"तक्ता संपला नव्हता," त्या म्हणाल्या. "मी रोज करते. आजपर्यंत असं झालं नाही. तीनदा वाजवला. तुमच्या नव्या कक्षातही केला. तिथे संगीत लागतं. मिस्टर रणपिसे, काहीतरी बिघडलं आहे."

मी घरी फोन लावला. तो वाजत राहिला. पहिल्या घंटीच्या पुढे तिथे काय होतं, हे मला कधी ऐकावं लागलं नव्हतं. शेवटी यंत्रातली बाई म्हणाली, उत्तर मिळत नाही. शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. कुर्डुवाडी स्टेशनचा मिळाला. ड्युटीवरच्या मास्तरला नाव सांगताच तो म्हणाला, रणपिसे मास्तर का, पाठवतो, आणि दोन पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, धावतच रूळ ओलांडून गेले. त्यांनी कडी तोडली. आबा सकाळी आठपासून मोरीत पडलेले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि अंगातलं पाणी गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर सांगता आलं नसतं.

सोलापूरला दवाखान्यात पोचेपर्यंत मी एकच हिशेब करत होतो. मी शेवटचा फोन करून सतरा दिवस झाले होते. पुढचा कधी केला असता, कोण जाणे. उलानबातरहून कळलं नसतं तर कुर्डुवाडीत काय झालं ते मला दिल्लीत कळलं नसतं, आणि आशिया खंडाला सावध ठेवायचा पगार मी घेत होतो. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

आबा शुद्धीवर होते. पायाला वजन बांधलेलं. मला बघून त्यांनी आधी घड्याळ पाहिलं.

"तुला कुणी कळवलं?"

"ओयुनबाईंनी."

"काय म्हणाली?"

"तुम्ही फोन उचलत नाही म्हणाल्या. काहीतरी झालंय."

"नंबर घेतलास का तिच्याकडनं?"

"सत्तेचाळीस."

त्यांनी वही आणि तक्ता मागितला. मी म्हटलं, आबा, आता कशाला? पण ते ऐकेनात. शेवटी बरोबर आलेल्या पॉइंट्समनला परत कुर्डुवाडीला पाठवलं. तो पुढच्या गाडीने जाऊन स्टुलाखालची वही आणि तक्ता घेऊन आला. आबांनी चष्मा लावला, बोट ओळीवरून सरकवलं. काट मारलेल्या शेवटच्या आकड्याच्या पुढे सत्तेचाळीसच होता. त्यांनी काट मारली, वहीत वेळ टाकली, शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

"मग बरोबर हाय," ते म्हणाले. "पडलो हुतो म्हणायचं."

नर्सने इंजेक्शन दिलं तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नाही. ती गेल्यावर मला म्हणाले, खालच्या दुकानातून कोरे कागद आण, आणि कार्बन आण, दोन. मी म्हटलं, एकाने भागेल, तुमची एक प्रत आणि त्यांची एक.

"तिसरी तुला."

"मला कशाला, आबा? माझा आवाज ओळखत नाही का तुम्ही?"

"वळखतो," ते म्हणाले. "पर लई दिसांनी ऐकू येतो. खरा तूच हायस का, ते कळाया पायजे."

मी कागद आणले. पलंगावर टेकून त्यांनी दुपारभर आकडे लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या व्हरांड्यातून त्यांच्या उशाशी ठेवलेल्या नव्या मोबाइलवर फोन केला, आणि पहिल्या घंटीला "रणपिसे" ऐकू आलं. माझ्या तक्त्यावरचा पहिला आकडा अडुसष्ट होता.